परतीची यादी: वर्षभर परदेशात शिकून ठाण्याला येताना

जाताना आईने शंभर पानी वहीची चार पानं भरून यादी केली होती. कुकरची जादा रिंग, गोडा मसाला दोन ठिकाणी बांधून, मेतकूट, थर्मल, पासपोर्टच्या सहा झेरॉक्स. येताना माझ्याकडे यादीच नव्हती. घरी तर यायचंय, त्यात काय तयारी करायची, असं वाटलं होतं.

मी सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या लीड्सला एका वर्षाच्या मास्टर्ससाठी गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी परतले. मधल्या काळात आमची नौपाड्यातली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. आईबाबा कोलशेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. म्हणजे मी ज्या घरी परतले तिथे मी कधी राहिलेलेच नव्हते, आणि माझा प्रत्येक कागद पाडून टाकलेल्या इमारतीच्या पत्त्यावर होता. त्यातून जे शिकले ते पुढे लिहिते आहे. व्हिसा आणि तिथल्या करांबद्दलचा भाग ब्रिटनपुरता आहे. बँक, इन्कम टॅक्स आणि पत्ता यांबद्दलचं कुठूनही आलात तरी लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. परतीची निम्मी कामं तिथला फोन नंबर चालू असताना, तिथल्या जमिनीवर उभं राहूनच होतात. ठाण्यातून ती करायला गेलात तर प्रत्येक वेळी ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो.

तिकीट काढण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: नक्की परतायचंय ना? भावनेचा मुद्दा बाजूला ठेवा, हा नियमाचा प्रश्न आहे. शिक्षणानंतर नोकरीसाठी मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा ब्रिटनमध्ये असतानाच मागावा लागतो. स्टुडंट व्हिसाची मुदत शिल्लक असली पाहिजे, आणि कोर्स पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवलेलं असलं पाहिजे. मास्टर्सचा प्रबंध ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमा होतो, निकाल साधारण नोव्हेंबरात लागतो आणि वर्षभराच्या कोर्सला व्हिसा पुढे चार महिने असतो. मधल्या काळात घरी येऊन व्हिसा संपायच्या आत परत गेलात तर चालतं. पण अर्ज केल्यावर निर्णय यायच्या आत देश सोडलात, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. माझ्या ओळखीचा एक मुलगा 'आधी घरी जाऊन येतो, मग बघू' म्हणत आला आणि इथूनच अर्ज भरायला बसला. तो भरता येत नाही.

हा व्हिसा मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांचा मिळतो. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. अर्जाची फी वेगळीच, शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. मी तो हिशेब मांडला, नोकरीचे तीस-चाळीस अर्ज निरुत्तर गेलेले आठवले आणि परतायचं ठरवलं. हा निर्णय कागदावर आकडे मांडून घ्या. घराच्या आठवणीने रडू येत असताना घेऊ नका.

तिथला शेवटचा महिना

खोली सोडताना भिंती, गादी, ओव्हन, सगळ्याचे फोटो काढा. आत शिरताना काढले असतील तर उत्तमच. खासगी घरमालकाकडे साधं भाडेपत्र असेल, तर तुमचं डिपॉझिट सरकारमान्य संरक्षण योजनेत ठेवणं त्याला कायद्याने बंधनकारक असतं. किती परत द्यायचं यावर दोघांचं एकमत झालं की दहा दिवसांत पैसे मिळायला हवेत. माझ्या घरमालकाने गालिच्यावरच्या डागाचे पैसे कापायला घेतले होते. तो डाग माझ्या आधीचा होता. पहिल्या दिवशीचा फोटो पाठवला, विषय संपला.

काउन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, ही छुपी गंमत आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तो माफ असतो, पण कोर्स चालू आहे तोवरच. विद्यापीठाच्या नोंदीतली कोर्स संपण्याची तारीख १२ सप्टेंबर असेल आणि तुम्ही खासगी घरात ५ ऑक्टोबरपर्यंत राहिलात, तर मधल्या दिवसांचं बिल येऊ शकतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्यांना ही चिंता नसते.

अर्धवेळ नोकरी केली असेल तर सोडताना मालकाकडून पी४५, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, मागून घ्या. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर सहसा आयकर लागत नाही, आणि तिथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. वर्षाच्या मध्येच काम सोडलं की बरेचदा जास्त कर कापला गेलेला असतो. पी८५ हा देश सोडल्याचा फॉर्म भरला की तो परत मिळतो. मागच्या चार करवर्षांपर्यंतचा परतावा मागता येतो, म्हणजे घाई नाही, पण पगाराच्या स्लिपा मात्र तिथे असतानाच डाउनलोड करून ठेवा. नॅशनल इन्शुरन्सचे, म्हणजे तिथल्या सामाजिक विम्याचे, कापलेले पैसे विसरा.

बँक खातं लगेच बंद करू नका. डिपॉझिट, शेवटचा पगार, कराचा परतावा, सगळं त्याच खात्यात यायचं असतं. ते नसेल तर पौंडांतला चेक टपालाने ठाण्याला येतो, आणि तो वटवायला आपली बँक किती दिवस घेईल हे विचारू नका. फोनचा महिन्याचा प्लॅन मात्र बंद करून तोच नंबर पे-ॲज-यू-गो, म्हणजे प्रीपेड, सिमवर घ्या, आणि अधूनमधून एखादा मेसेज करत राहा, नाहीतर काही महिन्यांनी सिम मरतं.

त्या महिन्यात आणखी तीन गोष्टी उरकायच्या. डॉक्टरकडची नोंद मागून घ्या, विशेषतः काही लस घेतली असेल किंवा औषध सुरू झालं असेल तर. निकालाआधी परतत असाल तर 'कोर्स पूर्ण, निकाल प्रलंबित' असं विद्यापीठाचं पत्र घ्या. इथली कर्जाची बँक आणि एचआर दोघंही तेच मागतात. आणि विद्यापीठाचा ईमेल काही महिन्यांनी बंद होतो हे धरून चाला. घरमालक, बँक, कर खातं, जिथे जिथे तो पत्ता दिलाय तिथे स्वतःचा द्या. मी हे विमानतळाच्या बाकड्यावर बसून केलं, आणि एक खातं राहिलंच.

बॅग

इथे फार लिहीत नाही. पातेली, गादी, रजई, हीटर तिथल्या ज्युनियरना द्या. त्यांची सप्टेंबरात यायची वेळ आणि तुमची जायची वेळ जुळते. माझा कुकर आता नाशिकच्या एका मुलीकडे शिट्ट्या मारतोय.

एअरपोर्टवर व्हॅट परत मिळेल या आशेने महागाची खरेदी करू नका. ग्रेट ब्रिटनमध्ये ती सोय २०२१ पासून बंद आहे. वापरातले कपडे, पुस्तकं आणि अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप, यांवर आपल्या कस्टम्सचा आक्षेप नसतो. मावशीसाठी, काकूसाठी आणि बाबांच्या मित्राच्या मुलासाठी मिळून चार फोन आणायला निघालात तर गोष्ट वेगळी. रोख परकीय चलनाच्या नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर जाहीर करावं लागतं. विद्यार्थ्याकडे एवढं कुठून असणार म्हणा! उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरात ठेवता येतात. त्यापुढच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत द्यायच्या.

पहिला आठवडा

नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालं, मी त्याआधीच आले. टर्मिनल दोनला पहाटे उतरलात तर घोडबंदरच्या बाजूला जाणाऱ्यांनी थांबू नये, लगेच निघावं. साडेआठनंतर माजिवड्याला काय होतं हे वर्षभरात विसरायला होतं. माझा कॅबवाला कापूरबावडीला म्हणाला, "मॅडम, मेट्रो होईल तेव्हा होईल, तोवर हे असंच." मी गेले तेव्हाही कोणीतरी हेच म्हणालं होतं.

झोपेचं एकच सांगते: दुपारी आडवं व्हायचं नाही. उन्हाळी वेळेत ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे इथे रात्री बाराला तुमच्या शरीराचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. पहिले चार दिवस पहाटे तीनपर्यंत जाग राहील. सकाळी मात्र उठून उन्हात फिरा. मी तलावपाळीला, मासुंदा तलावाभोवती चक्कर मारायची ठरवलं होतं, पण कोलशेतहून तलावपाळी हा आता प्रवास झालाय हे दुसऱ्या दिवशी टीएमटीच्या बसमध्ये उभी असताना कळलं.

पोटाला दहा दिवस सांभाळा. वर्षभर नळाचं पाणी थेट प्यायलेलं पोट आपलं राहिलेलं नसतं. स्टेशनजवळ पाणीपुरी खाल्ली आणि पुढचे तीन दिवस ताक-भात. पाणी उकळून, कापलेली फळं नाहीत, बाहेरचं खायचंच तर गरम, समोर तळलेलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलात तर डासांचं मनावर घ्या. ताप आला तर तो जेट लॅगचा समजू नका, डेंग्यूची तपासणी करा. ऑक्टोबरच्या उन्हात घामोळं येणार ते येणारच.

भारतातलं सिम वर्षभर जिवंत ठेवलं असेल तर तुम्ही शहाणे. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर ते बंद होऊ शकतं, आणि मग आधार, पॅन, बँक, सगळ्यांचे ओटीपी अडकतात. यूपीआय वर्षभर वापरलं नसेल तर तेही बंद झालेलं असण्याची शक्यता आहे. मी भाजीवाल्यासमोर फोन उलटासुलटा करत उभी होते. शेवटी आजूबाजूच्या बायकांपैकी एकीने माझे ४० रुपये दिले.

बँक आणि इन्कम टॅक्स: दोन कायदे, दोन उत्तरं

याच भागात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परकीय चलनाचा फेमा कायदा आणि आयकर कायदा 'अनिवासी' हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. शिकायला परदेशी गेलेले विद्यार्थी फेमासाठी अनिवासी धरले जातात, हे रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे जाताना आपलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करायला हवं होतं. ते कोणीच करत नाही. तुम्ही केलं असेल, तर परतल्यावर बँकेत जाऊन पासपोर्टवरचा आगमनाचा शिक्का दाखवा आणि खातं पुन्हा निवासी करून घ्या. विसरलात तर व्याजावर ३० टक्के टीडीएस कापला जात राहतो. बोर्डिंग पासही ठेवा. काउंटरवरच्या माणसाला कधी काय पटेल सांगता येत नाही.

आयकर मात्र दिवस मोजतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस इथे असलात तर निवासी. तेवढे नसले तरी त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात, तरीही निवासीच. आता माझा हिशेब बघा. एप्रिल ते सप्टेंबर २०२४ मी इथे होते. ऑक्टोबर २०२५ ते मार्च २०२६ पुन्हा इथे. दोन्ही वर्षांत ६० च्या कितीतरी वर. म्हणजे बँकेच्या लेखी वर्षभर अनिवासी आणि आयकराच्या लेखी दोन्ही वर्षं निवासी. सप्टेंबरात जाऊन पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं.

याने काय बिघडतं? निवासी व्यक्तीने, त्याआधीची वर्षं भारतातच काढलेली असतील तर, परदेशातलं बँक खातं रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. त्यात चारशे पौंड पडून असले तरी. त्यासाठी रिटर्नमध्ये एफए नावाची सारणी आहे. त्यात माहिती आर्थिक वर्षाची नाही, कॅलेंडर वर्षाची भरायची असते, जानेवारी ते डिसेंबर. आणि ही सारणी आयटीआर-१ मध्ये नसते. बाबांनी दरवर्षीच्या सवयीने माझं साधं रिटर्न भरायला घेतलं होतं. "तुझं उत्पन्नच नाही, दोन मिनिटांचं काम" म्हणाले. आयटीआर-२ भरावं लागलं, आणि उत्पन्न नसलं तरी परदेशी खातं असेल तर भरावंच लागतं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्थावर मालमत्ता सोडून इतर मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट मिळाली आहे, पण दाखवायची जबाबदारी आहेच. कॅफेत, दुकानात काम करून मिळवलेले पैसेही निवासी म्हणून इथे दाखवावे लागतात. तिथे कर भरला असेल तर दोन देशांमधल्या करारानुसार त्याचं श्रेय मिळतं, म्हणजे तो इथल्या करातून वजा होतो. या एका वर्षापुरते सीएला पैसे द्या. मी दिले आणि मला झोप लागली.

फी पाठवताना बँकेने टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना आगाऊ घेतला जाणारा कर, कापला असेल तर ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या रिटर्नमध्ये मागा. आमच्याकडे तो बाबांच्या नावावर होता आणि मी माझ्या नावावर शोधत बसले होते.

शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र काढून हप्ता नेमका कधी सुरू होतो ते वाचा. कोर्सनंतर सहसा सहा महिने ते वर्षभर सवलत असते, पण व्याज चालूच असतं, आणि मोजणी तुम्ही परतलात त्या दिवसापासून नाही, कोर्स संपल्यापासून होते. नोकरी लागल्यावर व्याजाची वजावट मिळते, तिला वरची मर्यादा नाही आणि ती आठ वर्षं घेता येते. मात्र जुन्या करपद्धतीत राहिलात तरच. मामाकडून घेतलेल्या उसन्या पैशांना ती लागू नाही.

पत्ता

ठाण्यात आज निम्म्या जुन्या इमारती पाडलेल्या आणि निम्म्या पाडायच्या वाटेवर आहेत. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कुठेही जा, हिरवी जाळी. तुम्ही बाहेर असताना घर हललं असेल तर आधी आधारचा पत्ता बदला, बाकी कागद त्याच्या मागून येतात. तुमच्या नावावर भाडेकरार नसतो, तो बाबांच्या नावावर असतो. त्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून पत्ता बदलायची सोय २०२३ पासून आहे. आधी बाबांचा पत्ता बदला, मग तुमची विनंती टाका. तीस दिवसांत बाबांनी ती त्यांच्या फोनवरून मंजूर करायची असते. "मला काही आलंच नाही" असं ते म्हणतील. फोन हातात घेऊन स्वतः करून टाका.

डिग्री आणि नोकरी

ब्रिटनचं मास्टर्स एका वर्षाचं, आपलं दोन वर्षांचं, मग चालेल का, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटनने एकमेकांच्या पदव्यांना मान्यता द्यायचा करार केला, त्यात हे एका वर्षाचं मास्टर्सही आलं. वैद्यक, कायदा, वास्तुरचना, अभियांत्रिकी अशा व्यावसायिक पदव्या त्यातून वगळलेल्या आहेत. सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पीएचडी करायची असेल तर समकक्षतेचं प्रमाणपत्र काढून ठेवा, त्याला वेळ लागतो. खासगी कंपन्या ते सहसा मागत नाहीत. त्यांना ट्रान्सक्रिप्ट आणि पदवीची पडताळणी पुरते. कुठे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, मागितलं तर ते पदवी देणाऱ्या देशात होतं, इथल्या मंत्रालयात नाही.

मुलाखतीत पौंडांचे रुपये करून पगार सांगू नका. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, बीकेसी, सगळीकडे "आधीचा पगार किती" हाच पहिला प्रश्न, आणि 'आधीचा' म्हणजे जायच्या आधीचा. मी तीन मुलाखतींनंतर एक वाक्य ठरवून टाकलं: या कामाला बाजारात एवढं मिळतं, मला एवढं हवं. चौथ्या ठिकाणी काम मिळालं, ऐरोलीला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने दोन स्टेशनांत पोचते, यासाठी मी पगारात थोडं कमी घ्यायला तयार झाले हे कबूल करते.

घर

याला पायऱ्या नाहीत. कोलशेतच्या फ्लॅटमध्ये माझी खोली म्हणजे दिवाण, आईचं शिलाई मशीन आणि बांधून ठेवलेली अकरा खोकी. "तुझंच घर आहे, कुठेही बस," आई म्हणाली, आणि मी तिच्या दुपारच्या मालिकेच्या जागेवर बसले. वर्षभरात तिचं वेळापत्रक माझ्याशिवाय बसलं होतं. रात्री अकराला मी चहा टाकला की बाबा खोलीतून विचारायचे, "कोण आहे?"

महिनाभर तरी घरातल्या पद्धतीत हात घालू नका. 'आमच्याकडे लीड्सला' असं सुरू होणारं वाक्य दिवसाला एकच. नात्यातल्या लग्नाच्या चौकश्यांना "निकाल लागू दे" हे उत्तर नोव्हेंबरपर्यंत पुरतं. आजीला भेटायला डोंबिवलीला पहिल्याच रविवारी जा, दिवाळीवर ढकलू नका. माझी आजी आता माझा आवाज ओळखते, चेहऱ्याला थोडा वेळ लागतो. व्हिडिओ कॉलवर ते कळलं नव्हतं.

आणि विद्यापीठाच्या पोर्टलवर कायमचा पत्ता बदला. हे काम वर तिथल्या शेवटच्या महिन्यात यायला हवं होतं. माझं जे खातं राहून गेलं ते हेच. डिसेंबरात डिग्री कुरियरने निघाली ती नौपाड्यात, जिथे आता पत्रे आणि खड्डा. ट्रॅकिंगवर 'पोचले' असं दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. जाऊन बघते तर साइटवरच्या वॉचमनने सही करून ते पाकीट आपल्या पत्र्याच्या केबिनमध्ये, देवाच्या फोटोमागे उभं करून ठेवलेलं. "बी विंग, दुसरा मजला ना?" तो म्हणाला. इमारत पाडल्यानंतर तो इथे कामाला लागला होता. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्याने मागे बोट केलं. पत्र्यावर जुन्या इमारतीतली नावांची लाकडी पाटी त्याने टांगून ठेवली होती, आमच्या आडनावासकट.